फोटोत नसलेला माणूस

लवळ्याचं आमचं जुनं घर गेल्या उन्हाळ्यात उतरवलं. गावात घर पाडलं म्हणत नाहीत, उतरवलं म्हणतात. आधी कौलं उतरतात, मग रिपा, वासे, तुळया, आणि भिंती सगळ्यात शेवटी. तुळया सागवानी होत्या, वाळवीनं त्यांना शिवलंही नव्हतं. नव्या घरात बसवायच्या म्हणून त्या बाजूला काढून ठेवल्या. माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. तिच्यात अण्णांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं सामान निघालं. कारखान्याचा पितळी बिल्ला, सुतळीनं बांधलेली पंचांगं, काडी मोडलेला चष्मा, तंबाखूचा मोठा डबा आणि चामड्याच्या पाकिटात एक कॅमेरा.

चामडं वाळून पापडासारखं कडक झालं होतं. बटण काढताना शिवण उसवली. आत काळी, चपटी, तळहातावर मावेल एवढी वस्तू. कॅमेरा आहे हे पटकन कळेना, कारण भिंग कुठंच दिसत नव्हतं. कडेला एक बारीक बटण होतं, ते दाबलं तेव्हा पुढचं झाकण किलकिलं झालं. दार उघडावं तसं ते बाजूला ओढत गेले, आणि जसजशी ओढत गेले तसतसं आतून भिंग पुढं सरकत आलं. शेवटी खट्‌ असा आवाज झाला आणि सगळं जागच्या जागी घट्ट बसलं. मागं काळा भाता ताणून उभा. इतकी वर्षं मिटून पडलेली वस्तू अशी ताठ उभी राहिलेली पाहून मी आणि आत्या दोघीही जरा वेळ बोललो नाही.

"अण्णांचा फोटूचा डबा," मग आत्या म्हणाली.

भाता हा शब्द मला या कॅमेऱ्यासाठी फार आवडतो. लोहाराचा भाता वारा घालतो, हा भाता अंधार सांभाळतो. भिंग आणि फिल्म यांच्यात ठरावीक अंतर लागतं, आणि त्या अंतरात मिट्ट काळोख लागतो. कॅमेरा म्हणजे मुळात एवढंच. अंतर हवं म्हटलं की पेटी मोठी झाली, आणि पेटी मोठी झाली की ती बरोबर नेणं आलं, हमाल आला, तिवई आली. ज्यानं कुणी पहिल्यांदा त्या अंतराची घडी घालायचं मनावर घेतलं, त्यानं कॅमेरा घराबाहेर काढला. फोटो काढताना अंतर उघडायचं, झालं की मिटून खिशात टाकायचं.

झाकणावर रेटिना असं नाव होतं. कोडॅकचं नाव होतं, जर्मनीत बनवल्याचा शिक्का होता, आणि भिंगाच्या कडेला श्नायडर-क्रॉयत्सनाख झेनार अशी अक्षरं. कोडॅक अमेरिकेचं, मग हा जर्मनीचा कसा, असा प्रश्न मला पडला आणि त्या प्रश्नाच्या मागं गेले तेव्हा औगुस्ट नागेल हा माणूस भेटला. त्याचं नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या वयाच्या प्रत्येक माणसानं त्याच्या हातची एक गोष्ट वापरलेली आहे, तरी ऐकलं नव्हतं. जर्मन भाषेत नागेल म्हणजे खिळा.

हा खिळा १८८२ साली ट्युबिंगनजवळच्या फ्रोनडॉर्फ नावाच्या खेड्यात जन्मला. शिकला यंत्रकाम. १९०८ साली कार्ल ड्रेक्सलर नावाच्या भागीदाराबरोबर त्यानं स्टुटगार्टमध्ये कॅमेऱ्याचा कारखाना काढला आणि थोड्याच दिवसांत त्याचं नाव कोन्तेसा ठेवलं. घडीचे कॅमेरे तेव्हा ड्रेस्डेन शहरात मोठ्या प्रमाणावर बनत. एर्नेमान आणि इका ही तिथली थोरली घराणी. त्यांच्या मानानं स्टुटगार्टचा हा माणूस धाकटा. पण घडी घालण्यात त्याचा हात कुणी धरला नाही. त्याच्या कामाची दखल म्हणून १९१८ साली फ्रायबुर्ग विद्यापीठानं त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. हातानं काम करत वर आलेल्या यंत्रकाराला विद्यापीठानं डॉक्टर म्हणावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. त्यानंही ते डॉक्टर पुढं आपल्या कारखान्याच्या नावात अभिमानानं मिरवलं.

१९१९ साली कोन्तेसा आणि नेट्टेल या दोन कंपन्या एक झाल्या. कोन्तेसा-नेट्टेलच्या कॅमेऱ्यांमध्ये एक जात होती, तिचे फोटो पाहिले आणि मी चकित झाले. उष्ण प्रदेशांसाठी खास बनवलेले कॅमेरे. एरवी युरोपातल्या कॅमेऱ्यांची पेटी हलक्या लाकडाची, वरून चामडं चिकटवलेलं. आपल्याकडच्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात त्याचा सरस सुटतो, चामड्याला बुरशी येते, लाकूड फुगतं, आणि उरलेलं वाळवी पाहून घेते. म्हणून या जातीला चामडं लावतच नसत. पेटी नुसती सागाची, चकचकीत पॉलिश केलेली, कोपऱ्यांना पितळ, भाता तपकिरी. ड्रेस्डेनच्या कारखान्यांनीही असे सागवानी कॅमेरे काढले होते. स्टुटगार्टच्या थंडीत बसून कुणी कारागीर आपल्या पावसाचा विचार करत रंधा मारत होता, हे वाचलं त्या दिवशी आमच्या तुळया पडवीत आडव्या टाकलेल्या होत्या. मी जाऊन त्यांच्यावर हात फिरवून आले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाची किंमत कागदाएवढीही राहिली नाही. कारखाने जास्त, गिऱ्हाईक कमी. अखेर १९२६ साली इका, एर्नेमान, गोएर्त्स आणि कोन्तेसा-नेट्टेल अशा चार कंपन्या कार्ल त्साइसच्या पाठबळानं एकत्र आल्या आणि त्साइस इकॉन हे मोठं नाव जन्माला आलं. नागेल त्या मोठ्या घरात फार दिवस टिकला नाही. १९२८ साली तो बाहेर पडला, पुन्हा स्टुटगार्टमध्येच, वांगेन भागात, नवा कारखाना काढला: डॉक्टर औगुस्ट नागेल, सूक्ष्म यंत्रकामाचा कारखाना. तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता. स्थिरावलेला माणूस या वयात चालतं घर सोडून दुसऱ्यांदा शून्यातून सुरुवात करतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी असं असतं जे त्या घरात होण्यासारखं नसतं. नागेलच्या डोक्यात लहान कॅमेरा होता. लहान, पण खेळणं नव्हे. पुपिल्ले, फोलेन्डा अशी त्याच्या त्या काळातल्या कॅमेऱ्यांची नावं आहेत.

वेळ मात्र वाईट निवडली गेली. वर्षभरात जगभर मंदी आली. जर्मनीत कारखाना हवा असलेली कोडॅक कंपनी आणि पैशाची गरज असलेला नागेल यांची गाठ पडली. १९३१ च्या अखेरीस व्यवहार ठरला. कारखाना कोडॅकचा झाला. नागेल तिथंच राहिला, कारखाना चालवत राहिला, आणि डॉक्टर नागेल-वेर्क हे नाव कारखान्याला चिकटून राहिलं. पण कॅमेऱ्यावर गिऱ्हाइकाला दिसणारं नाव आता कोडॅक.

१९३४ साली त्या कारखान्यातून रेटिना बाहेर पडला. त्याच्याबरोबर जी दुसरी वस्तू आली, ती कॅमेऱ्यापेक्षाही मोठी ठरली. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म लायकानं १९२५ पासून साध्या फोटोंसाठी वापरात आणली होती, पण लायकावाल्याला फिल्म अंधाऱ्या खोलीत कापून डबीत भरावी लागे. लायका महागही होता. नागेलच्या कारखान्यानं रेटिनासाठी भरलेली, बंद डबी दिली. उजेडात दुकानातून विकत घ्यायची, उजेडातच कॅमेऱ्यात बसवायची, आणि छत्तीस फोटो झाले की तशीच काढून धुवायला टाकायची. ही डबी लायकातही बसे आणि त्साइसच्या कॉन्टॅक्समध्येही. कोडॅकनं तिला १३५ असा क्रमांक दिला.

तीच डबी. आमच्या लहानपणी लग्नात छत्तीसचा रोल आणायचे, आणि घालणारा हुशार असला तर सदतिसावा फोटोही निघायचा. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, म्हणून बारशाचे फोटो आणि गणपतीचे फोटो एकाच पाकिटात यायचे. रिकामी काळी प्लॅस्टिकची डबी हळद-कुंकवाला, सुयांना, नाही तर आमच्या सागरगोट्यांना. महाराष्ट्रातल्या किती घरांत ही डबी गेली असेल? त्यातल्या एकाही घरात नागेल हे नाव गेलं नाही.

अण्णा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत कामाला होते. आठवडाभर खडकीत खोलीवर राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी सायकलवर लवळ्याला यायचे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा गोरे साहेब बाडबिस्तरा विकून निघाले होते; त्यांतल्याच एकाचं सामान जुन्या बाजारात आलं आणि अण्णांनी हा कॅमेरा घेतला, असं आत्या सांगते. दोन महिन्यांचा पगार गेला आणि आजी चार दिवस बोलली नाही, हेही तीच सांगते.

आपल्या भागात फोटोग्राफी काही उशिरा आली नव्हती. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्याच काळात फोटो काढत होते. पण मुंबईतून पुण्याला आणि पुण्यातून आमच्या मुळशी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर येईपर्यंत शंभर वर्षं गेली. लवळ्याच्या बाईनं फोटो काढायचा तर पुण्याला जायला हवं, म्हणजे एक दिवस मोडायला हवा, आणि तिथं रंगवलेल्या पडद्यापुढं, उधार खुर्चीत, श्वास धरून बसायला हवं. असे काही फोटो गावात आहेत. सगळ्यांचे डोळे त्यात सारखेच दिसतात, घाबरलेले. अण्णांचा कॅमेरा कोटाच्या खिशातून यायचा. झेनार भिंग उजेड भरपूर घ्यायचं, शटर सेकंदाच्या तीनशेव्या भागात मिटायचं. त्यामुळं माणसानं थिजून बसायची गरजच नव्हती.

तंबाखूच्या डब्यात निगेटिव्हच्या गुंडाळ्या होत्या. प्रत्येक गुंडाळी वर्तमानपत्राच्या तुकड्यात. डबा उघडला तेव्हा तंबाखूचा वास यावा, तर आला व्हिनेगरचा. जुनी फिल्म कुजायला लागली की असा वास येतो, हे मला नंतर समजलं. दोन गुंडाळ्या चिकटून गेल्या होत्या, त्या हाताशी आल्या नाहीत. उरलेल्या सात वाचल्या. अण्णा रोल धुऊन आणायचे, पण प्रिंटला पैसे पडायचे, म्हणून मोजकेच प्रिंट काढायचे. याचा अर्थ, त्या सात गुंडाळ्यांतले बहुतेक फोटो कुणी कधी पाहिलेलेच नव्हते.

मी एका टॅबवर पांढरा शुभ्र पडदा उघडला, त्यावर निगेटिव्ह धरली, मोबाइलनं तिचा फोटो घेतला आणि मोबाइलमध्येच उलटा केला. काळ्याचं पांढरं झालं. भुताटकीसारख्या पांढऱ्या केसांची एक बाई होती तिचे केस काळे झाले, कपाळावरचा पांढरा ठिपका कुंकू झाला, आणि ती आजी निघाली. हसणारी. मी माझ्या आजीला हसताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण तिशीच्या आतल्या आजीला कुठून पाहणार? उंबऱ्यात बसून ती तांदूळ निवडते आहे, सूप जरा उडालेलं आहे, काही दाणे हवेत आहेत. ते दाणे सुटे दिसतात. किती, तेही मोजता येतात. मी मोजले, अकरा आहेत.

भातखाचरातली लावणी आहे, इरली घेतलेल्या बायकांची ओळ. पेंढ्यांनी भरलेली बैलगाडी आहे. जत्रेतली कुस्ती आहे, तिच्यात पैलवानांपेक्षा बघणारे जास्त स्पष्ट आलेत. एका निगेटिव्हवर दोन फोटो एकावर एक बसलेत. या कॅमेऱ्यात शटर चढवणं वेगळं आणि फिल्म पुढं सरकवणं वेगळं. एक विसरलं की पहिल्या चित्रावरच दुसरं उमटतं. तसं होऊन पोळ्याचे आमचे दोन बैल, शिंगांना बेगड, झुली घातलेले, सरळ आजीच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ उभे आहेत. चुलीचा जाळ एका बैलाच्या छातीतून दिसतो. त्या सात गुंडाळ्यांतला हा माझा सगळ्यात लाडका फोटो आहे.

सातव्या गुंडाळीत आजीच्या मांडीवर एक मूल होतं. मी आत्याला मोबाइल दाखवला आणि विचारलं, ही तूच ना? तिनं चष्मा काढला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला.

"मी न्हवं गं. हा माझ्या पाठीवरचा. देवी आल्या त्यात गेला. तीन वर्षांचा हुता."

मला असा एक काका होता हे मी ऐकून होते. पण ऐकणं निराळं. तो आजीच्या पदराचं टोक तोंडात धरून कॅमेऱ्याकडं बघत होता, म्हणजे अण्णांकडं बघत होता.

"आजीनं पाहिला होता का गं हा फोटो?"

"न्हाई. असता तर देव्हाऱ्यात ठेवला असता तिनं." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "अण्णांनी दाखवला नसंल. कसा दाखवणार?"

त्या गुंडाळीनंतरची गुंडाळी नाही. तीच शेवटची आहे.

त्या रात्री मला एक गोष्ट लक्षात आली, आणि ती लक्षात यायला इतका वेळ लागावा याचं वाईट वाटलं. सातही गुंडाळ्यांत अण्णा नाहीत. एकाही फोटोत नाहीत. दोनशेवर फोटोंमध्ये घर आहे, गाव आहे, बैल आहेत, आत्या आहे, जगू न शकलेला काका आहे, आणि हे सगळं ज्यानं पाहिलं तो माणूस नाही. मी पुन्हा सगळे काढून बसले. एका फोटोत सापडले. अंगणात आत्या परकर सावरत उभी आहे, ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येतंय, आणि जमिनीवर, आत्याच्या पायांपर्यंत, एक लांबट सावली पडली आहे. सावलीच्या डोक्यावर टोपी आहे आणि दोन्ही कोपरं बाहेर आलेली आहेत, कारण हात डोळ्यांपाशी काहीतरी धरून आहेत. अण्णांचा फोटो म्हणायचा तर तेवढाच.

२९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर काढलेला फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. बर्फाची कुऱ्हाड उंचावलेली, तिच्यावर झेंडे फडकताहेत, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. तो माणूस तेनसिंग. फोटो काढणारे एडमंड हिलरी, आणि हिलरींचा माथ्यावरचा फोटोच नाही. कॅमेरा त्यांच्या हातात होता. तो कॅमेरा रेटिना होता, महायुद्धाच्या आधी स्टुटगार्टमध्ये बनलेला, अण्णांच्या कॅमेऱ्याचा सख्खा भाऊ. थंडीनं गोठू नये म्हणून हिलरींनी तो सदऱ्याच्या आत, अंगाशी ठेवला होता. मिटला की चपटा होतो म्हणूनच तो तिथं मावला. जगातल्या सगळ्यात उंच जागेवरचा पहिला फोटो नागेलच्या घडीतून निघाला. नागेल तो पाहायला नव्हता, १९४३ सालीच, युद्ध चालू असताना, तो गेला होता. त्याच्या कारखान्यातून रेटिना मात्र युद्धानंतरही निघत राहिले, १९६९ पर्यंत.

मोठ्या घरांचंही युद्धानं काही राखलं नाही. त्साइस इकॉन उभी करणाऱ्यांत एमानुएल गोल्डबर्ग हा फार मोठ्या बुद्धीचा माणूस होता. १९३३ साली नाझींनी त्याला कार्यालयातून उचलून नेलं, कारण तो ज्यू होता. सुटल्यावर त्यानं देश सोडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जळालं. कॅमेऱ्यांचा इतिहास वाचताना भिंगं आणि भाते यांच्यात रमून जायला होतं, म्हणून हे मी मुद्दाम लिहिते. त्या सुंदर वस्तू ज्या शहरांत बनल्या, त्या शहरांनी आपल्याच माणसांशी काय केलं हेही त्या वस्तूंच्या गोष्टीतच येतं.

कॅमेरा दुरुस्त करायचं ठरवलं. त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली. रेटिना मिटण्यापूर्वी भिंग अनंतावर आणावं लागतं, म्हणजे अंतराचा काटा सगळ्यात लांबच्या खुणेवर. मग भिंगाच्या वर आणि खाली असलेली दोन बारीक बटणं एकदम दाबायची, तेव्हा तो मिटतो. मला हे माहीत नव्हतं. मी झाकण जोर लावून ढकललं आणि आत काहीतरी कुरकुरलं. तो आवाज अजून माझ्या बोटांत आहे. जुनी वस्तू हाताळणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: ती अडली तर तिचं काही म्हणणं असतं, आधी ते समजून घ्यावं.

पुण्यात बुधवार पेठेत एका माडीवर कॅमेरे दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ बसतात. आता त्यांच्याकडं फारसं कुणी येत नाही. त्यांनी रेटिना हातात घेतला, आणि तो त्यांनी ज्या रीतीनं हातात घेतला त्यावरून मी निश्चिंत झाले. खोलीतला दिवा घालवून त्यांनी मागचं झाकण उघडलं, भात्याच्या आत एक बारीक बल्ब सोडला. भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांत चार ठिकाणी उजेड टिपकला. "भाता नेहमी कोपऱ्यातच जातो, ताई," ते म्हणाले, "जिथं घडी पडते तिथं." भिंगाच्या आतल्या बाजूला बुरशीची जाळी धरली होती, कोळ्याच्या बारीक धाग्यासारखी. मुळशीचा पाऊस. पौडच्या पलीकडं कोसळतो तेवढा लवळ्यात पडत नाही, पण जुलै-ऑगस्टची ओल इथंही भिंतीत उतरते, ट्रंकेत शिरते, आणि चामड्याचं पाकीट ती धरून ठेवतं. कॅमेरा जपून ठेवायचा म्हणून आपण पाकिटात घालतो, आणि पाकीटच त्याला खातं.

त्यांनी तो माझ्यासमोर उघडला. "यात चिकटवलेलं थोडं, स्क्रूनं बसवलेलं जास्त. ज्यानं केला त्याला ठाऊक होतं, पुढं कुणीतरी हा उघडणार आहे." जन्मभर कॅमेरे उघडणाऱ्या माणसाचं हे वाक्य मी नागेलच्या डॉक्टरेटपेक्षा मोठं मानते. तीन आठवड्यांनी त्यांनी कॅमेरा परत दिला. एका सेकंदाच्या वेगावर लावून बटण दाबलं की आत घड्याळासारखी कुरकुर ऐकू येते आणि मग पाकळ्या मिटतात. भात्याला कोपऱ्यांवर काळ्या कापडाचे चार बारीक तुकडे आहेत, नीट पाहिलं तरच दिसतात.

दुकानात जाऊन मी छत्तीसचा रोल घेतला. आजच्या कारखान्यात भरलेली डबी, आणि ऐंशीहून जास्त वर्षांचा कॅमेरा. ती डबी त्यात अशी बसली की जणू तिथलीच. होतीच तिथली.

लवळ्याच्या टेकडीवर आता सिंबायोसिसचं आवार आहे, तिथं मुलंमुली माध्यमांचं शिक्षण घेतात. संध्याकाळी ती गावात चहाला उतरतात, हात लांब करून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढतात. पुष्कळ लोक त्यांना नावं ठेवतात. मला ते फोटो आवडतात, कारण त्यात फोटो काढणारा आहे. अण्णांच्या हातात असं काही असतं, तर आजीच्या शेजारी मांडीवरच्या काकाला धरून तेही बसले असते.

मुळशी तालुक्यात १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट उभे राहिले, तरी धरण झालंच आणि गावंच्या गावं पाण्याखाली गेली. त्या घरांच्या उंबऱ्यांचे, अंगणांचे फोटो कुणाच्या ट्रंकेत असतील तर ते बघायला मी कुठंही चालत येईन. आणि फक्त मुळशीचंच कशाला, ज्यांच्या घरात माळा आहे त्या सगळ्यांनाच विनंती आहे. या दिवाळीच्या साफसफाईत निगेटिव्ह फेकू नका. काळी पट्टी दिसली की उजेडाला धरून बघा. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदाच्या पाकिटात ठेवा, कोरड्या जागी. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसून एकेक दाखवा आणि ते सांगतील ती नावं पाकिटावर पेन्सिलीनं लिहून घ्या. फोटोत कोण आहे ते विचारालच. फोटो कुणी काढला, तेही विचारा.

आजीच्या मांडीवरच्या मुलाचा मी प्रिंट काढून आणला. आत्यानं तो नव्या घराच्या देव्हाऱ्यात ठेवला, सागवानी तुळईखाली. त्याच्या मागं मी लिहिलं आहे: लवळे. आई आणि पाठीवरचा. फोटो अण्णांनी काढला. कॅमेरा रेटिना, औगुस्ट नागेल यांच्या कारखान्यातला, स्टुटगार्ट.